ढेकर मोजणारा

२ मार्च, सोमवार

आज तो पुन्हा आला. सोमवार हा काही त्याचा वार नाही!

शनिवारी यायचं, पेटीतले आकडे काढून घ्यायचे, चहा प्यायचा आणि चालू पडायचं — असं ठरलं होतं. आज म्हणे पेटीचा पंखा कुरकुरत होता. पंखा कुरकुरतो हे ह्याला तिकडे केंद्रात बसल्या बसल्या कसं कळलं? विचारलं तर धाकटी म्हणाली, "मीच फोन केला, ताई." सकाळपासून दोनदा गोठ्यात जाऊन आले मी. मला नाही ऐकू आली कुरकुर. तसं म्हटलं, तर धाकटी म्हणाली, "अगं, तुझे कान —" आणि चहाचं आधण ठेवायला वळली.

माझे कान चांगले आहेत. नको ते सगळं ऐकू येतं.

पंख्याचं काम चहा गाळेपर्यंत उरकलं. तो मात्र जेवायच्या वेळेपर्यंत होता.

५ मार्च, गुरुवार

हा माणूस काय काम करतो असं कुणी विचारलं तर सांगायची चोरी. गाईंचे ढेकर मोजतो!

पशुआहार केंद्रातून पहिल्यांदा आला, म्हणाला, "गाईच्या पोटातला वायू मोजायचाय." मी आपला नाकाला रुमाल लावला. मला वाटलं, प्रकार मागच्या बाजूचा असणार. तर हा अगदी गंभीरपणे म्हणतो, "मागून नाही, मोठ्या बाई, पुढून. सगळा कारभार तोंडाचा आहे." आमचे धारवाले काका इतके हसले की बादली हिंदकळली. "साहेब, माझे ढेकर माझी बायको फुकटात मोजते. वर दोन शब्द ऐकवते ते वेगळेच!"

तेव्हा मीही हसले होते. खोटं कशाला लिहू.

त्याचं म्हणणं असं. गाय चारा गिळते तो पोटात आंबतो. आंबताना एक वायू होतो, तो ढेकरावाटे बाहेर पडतो आणि हवेत जाऊन हवा तापवतो. चारा जितका राठ, तितका वायू जास्त. म्हणजे आपण घातलेल्या चाऱ्यातलं काही दुधात उतरण्याऐवजी वाऱ्यावर जातं. केंद्रानं म्हणून कसल्याशा करड्या गोळ्या केल्या आहेत. त्या आंबोणात मिसळल्या की वायू कमी होतो. होतो की नाही, ते आमच्या गाईंवर बघायचं.

अर्ध्या गाईंना खऱ्या गोळ्या, अर्ध्यांना नुसत्याच — दिसायला तशाच, वासालाही तशाच. दाणाखोलीत दोन पिंपं ठेवली आहेत, एक लाल झाकणाचं, एक निळ्या. ज्या गाईच्या कानात लाल बिल्ला, तिला लालमधल्या. निळा बिल्ला, तिला निळ्यामधल्या. खऱ्या कुठल्या ते फक्त केंद्राच्या संचालक बाईंना ठाऊक. त्यालाही सांगितलेलं नाही, असं तो म्हणतो.

म्हणतो! पहिल्या महिन्यातच लाल बिल्लेवाल्यांचा वायू उतरू लागला. आता खऱ्या गोळ्या कुठल्या, हे शेंबड्या पोरालाही कळेल. त्याला कळायला संचालक बाई कशाला हव्यात?

बाबा म्हणायचे, गाईला काय मानवतं ते तिच्या डोळ्यांत दिसतं. ते गव्हाणीसमोर उकिडवे बसून एकेकीच्या डोळ्यांत बघत राहायचे. हा पेटीत बघतो.

९ मार्च, सोमवार

गोठ्याच्या टोकाला ती पेटी उभी आहे. पत्र्याची, छातीएवढी उंच, पुढून उघडी. गाय आत डोकं घालते, वरून मूठभर खाऊ पडतो, तो चघळत ती उभी राहते आणि पंखा तिचा श्वास ओढून घेतो. पहिल्यांदा पाहिली तेव्हाच मला शाळेतल्या प्रार्थनाघरातली ती लाकडी खोली आठवली. आम्ही त्यांच्या धर्माच्या नव्हतो, त्यामुळे आम्हाला आत जायला नव्हतं. बाकीच्या मुली रांगेनं जायच्या, जाळीपाशी कुजबुजायच्या आणि हलक्याफुल होऊन बाहेर यायच्या. केवढा हेवा वाटायचा! मला वाटायचं, सांगण्यासारखं एखादं पाप आपल्याकडेही असावं.

आता गाई जातात. सगळ्यांत आधी आमची मदर गाय. काळी-पांढरी म्हणून नाव ठेवलं नाही तिचं. शाळेचा गोठा ज्या मदर बघायच्या, त्यांची चाल हुबेहूब तिच्यात आली आहे — आधी छाती, मग बाकीची मूर्ती. त्या मदर पायघोळ झग्याखाली गमबूट घालायच्या. झगा गुडघ्यापर्यंत वर खोचून शेणात उभ्या राहायच्या आणि आम्हाला इंग्रजी कविता म्हणायला लावायच्या. धार आणि कविता एकाच तालात. अजूनही धार काढायला बसले की ओठ हलतात माझे.

आमच्या मदरच्या कानात लाल बिल्ला आहे. पेटीत जाते, पोटातलं सगळं सांगून टाकते, मागे न बघता चालू लागते.

"पेटी खोटं बोलत नाही, मोठ्या बाई," तो म्हणतो. नसेल बोलत. पण पेटीतून कागदावर येईपर्यंत मधे एक माणूस असतो.

१४ मार्च, शनिवार

लॅपटॉप माझ्यासमोर वळवला. "ही बघा, लाल रेघ कशी उतरली. निळी होती तिथेच."

बघितली. लाल रेघ जिन्यासारखी खाली आलेली. एकही पायरी वाकडी नाही! जिना उतरताना माणूससुद्धा कुठेतरी अडखळतो.

मी म्हटलं, "इतकं सरळ?"

तो हसला. "आपल्या गाई शिस्तीच्या आहेत."

आपल्या? कधीपासून? आणि शिस्तीच्या? भोपळीनं परवा माझी शाल निम्मी खाल्ली. खुंटीवरून ओढून!

धाकटी त्याच्या खांद्यामागे उभी राहून रेघ बघत होती. रेघ बघायला एवढं जवळ जावं लागत नाही. तिला तर लांबचं छान दिसतं.

१५ मार्च, रविवार

धाकटी केस कापून आली. गाईंसाठी नक्कीच नव्हे.

१८ मार्च, बुधवार

आज डोळ्यांनी पाहिलं.

बुधवार असून आलाच होता. मी भांडारघराच्या खिडकीत. त्यानं गाडीचं मागचं दार उघडलं, इकडे-तिकडे बघितलं — हो, बघितलं! — आणि एक छोटी पोलादी बाटली काढली. गुटगुटीत बाळासारखी काखेत धरून गोठ्यात नेली. पेटीला नळी लावली. फस्सऽ आवाज झाला. पेटीजवळ एकही गाय नव्हती. गाय नाही, ढेकर नाही, आणि आकडा मात्र वर चढला!

धाकटीला ओढत आणून सांगितलं. तर हसायलाच लागली. "ताई, ते पेटीची परीक्षा घेतात. बाटलीत वायू किती आहे ते आधीच ठाऊक असतं. पेटी तेवढाच सांगते का, बघायचं."

"तुला कुणी सांगितलं?"

"त्यांनी."

त्यांनी. वर, "त्यांनी इकडे-तिकडे बघितलं ते भोपळी कुठे आहे म्हणून. तिनं मागे एकदा नळी चावली होती." सगळ्याला उत्तर तयार!

तो पेटीची परीक्षा घेतो. त्याची कोण घेणार?

२१ मार्च, शनिवार

अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

दाणाखोलीच्या भिंतीला लागून मी रिकामी पोती घडी करत होते. आत ते दोघं. काहीतरी पडल्याचा आवाज झाला आणि तो म्हणाला — "अगं, जपून!"

अगं.

गोठ्यावर सगळे तिला धाकट्या बाई म्हणतात. काका तिला लहानपणापासून ओळखतात, तेही बाईच म्हणतात. तिला 'अगं' म्हणणारी दोनच माणसं होती. बाबा गेले. मी आहे.

मग तो खालच्या आवाजात बोलत होता. ह्या गोळ्यांचं काम पुरं झालं की त्याला केंद्राच्या दुसऱ्या, मोठ्या गोठ्यावर पाठवणार आहेत. राहायला घर आहे. "तू आलीस तर —" पुढचं ऐकू आलं नाही. मग धाकटी म्हणाली, "आणि ताई?"

"त्यांनाही घेऊन जाऊ की."

घेऊन जाऊ! फडताळातल्या कपबशीसारखी! मग इथला गोठा कोण बघणार? बाबांची गव्हाण, ही खोली, मागची पडवी? गोड बोलून दोघींना उठवायचं आणि पाठोपाठ इथे केंद्राची पाटी लावायची, असं तर नाही? पहिल्या दिवसापासून मला वाटत होतं. ह्याला गाईंचा श्वास नको आहे. ह्याला आणखी काहीतरी हवं आहे.

धाकटीनं 'नाही' म्हटलं नाही. तेवढंच मला पुरे.

२२ मार्च, रविवार

आई गेली तेव्हा धाकटी रांगत होती. मी शाळेतून यायची ती थेट तिच्याकडे. गणवेशावर तिचं दूध सांडलेलं असायचं म्हणून मदर रागवायच्या, आणि कारण कळल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांनीच एक जुना ॲप्रन शिवून दिला. मला दोन आकाराचा मोठा. पुढे खिसा. त्या खिशात धाकटीची खुळखुळणारी बाहुली घेऊन मी वर्गात बसायची.

मी लग्न करून गेले तेव्हा ती फाटकाला लटकून रडली होती. मी परत आले, एकटीच, कपड्यांची पेटी घेऊन, तेव्हा त्याच फाटकात उभी. काही विचारलं नाही. पेटी माझ्या हातातून घेतली आणि म्हणाली, "गाईला वासरू झालं." आत्ताच्या मदरच्या आजीला. बस्स. त्यानंतर ह्या घरात माझं दुःख कुणी पुन्हा काढलं नाही.

बाबांच्या आजारपणात तिची सगळी वर्षं गेली. स्थळं आली, तिनं परतवली. आता पन्नाशी उलटली तिची. आणि आता हा, ढेकर मोजत आला.

माणूस चांगला असता तर मी आडवी आले असते का? नसते. नसतेच आले. चांगला आहे का, एवढंच तर बघायचं आहे.

२४ मार्च, मंगळवार

गणिताच्या मदर म्हणायच्या, "उत्तर आलं म्हणून खूश होऊ नका. उलटं करून बघा." भागाकार केला की गुणाकार करून बघायचा. जुळलं तर खरं.

सकाळचा खुराक घालून झाला, धाकटी दूध घेऊन फाटकाकडे गेली, काका गव्हाणी धूत होते. मी दाणाखोलीत गेले आणि झाकणं बदलली.

लाल होतं त्याला निळं, निळं होतं त्याला लाल. कुलूप नाही, काही नाही. एवढंच. टक् टक् असे दोन आवाज.

आता लाल बिल्लेवाल्यांना नुसत्या गोळ्या जातील, निळ्यांना खऱ्या. पेटी खरी असेल आणि माणूसही खरा असेल, तर रेघा उलटतील. लाल वर, निळी खाली. त्या उलटल्या तर मी स्वतः त्याच्यापुढे जाऊन सांगेन, असं असं केलं, माफ करा. पण उलटल्या नाहीत तर — आकडे पेटीतले नाहीत. ह्याच्या डोक्यातले आहेत.

किती सोपं आहे! कुणाला सुचलं कसं नाही?

२५ मार्च, बुधवार

दाणाखोलीकडे पाऊल टाकलं नाही. चोराच्या मनात चांदणं. काका नुसते "मोठ्या बाई" म्हणाले तरी दचकते.

२८ मार्च, शनिवार

लाल रेघ खालीच. म्हटलं, थांब. गाईचं पोट आहे, वेळ लागत असेल.

चहा देताना सहज विचारल्यासारखं विचारलं. "समजा, एखाद्या गाईच्या गोळ्या बंद केल्या, तर?"

"मग दोन-तीन दिवसांत वायू होता तेवढा. पोटाला आठवण नसते, मोठ्या बाई."

स्वतःच्या तोंडानं बोलला! बोलताना माझ्याकडे रोखून बघत होता का? का मलाच तसं वाटलं? धाकटीनं मधेच बिस्किटांची बशी पुढे केली. त्यानं एक घेतलं, अर्धं मोडून तिच्या बशीत ठेवलं. तिनं खाल्लं.

आणखी एक आठवडा. घाईनं निकाल द्यायचा नाही.

१ एप्रिल, बुधवार

धाकटी मदरच्या अंगावरून खरारा फिरवत होती, गुणगुणत. लहानपणी मीच शिकवलेलं शाळेतलं गाणं. शब्द विसरली आहे, चाल पक्की आहे. मी दारात उभी राहिले. देवा, मला वाटलं, रेघा उलटू देत. उलटू देत! माझं तोंड काळं होऊ दे.

४ एप्रिल, शनिवार

उलटल्या नाहीत.

लाल खाली. निळी वर. जशीच्या तशी. तीच पायरी, तोच जिना. दहा दिवस होऊन गेले झाकणं बदलून!

तो मात्र उत्साहात होता. "बघा, आता तर बोलायलाच नको. असंच राहिलं तर पुढच्या महिन्यात काम पुरं." धाकटी हसली. दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसले. पाणी पडण्याचा आवाज ऐकत राहिले. मला बरोबर वाटत होतं ते बरोबर निघालं. असं कधी कधी निघू नये.

६ एप्रिल, सोमवार

केंद्रात जाऊन आले. धाकटीला सांगितलं, दाताच्या डॉक्टरकडे जाते.

संचालक बाई माझ्याहून बऱ्याच लहान. केस मागे घट्ट बांधलेले, टेबलावर गाईच्या पोटाचा प्लास्टिकचा नमुना, त्याचे चार कप्पे चार रंगांचे. पहिल्या कप्प्यात त्यांनी पेन्सिली ठेवल्या होत्या. मी सगळं सांगितलं. झाकणांचं, रेघांचं, बाटलीचंही. धाकटीचं नाही सांगितलं. ती घरची गोष्ट.

त्या ऐकत होत्या. मधे एकदाही 'बरं' म्हणाल्या नाहीत. शेवटी विचारलं, "झाकणं बदलल्यावर त्या पिंपांना दुसऱ्या कुणी हात लावला नाही ना?"

"कोण लावणार?"

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. एकदम थकलेल्या दिसल्या. "मग आकडे खोटे आहेत. दुसरं काही असूच शकत नाही. फार वर्षं ओळखते मी त्यांना." मग म्हणाल्या, "तुम्ही प्रयोगात ढवळाढवळ केलीत, हेही बरोबर नाही, बाई. पण बरं झालं."

तुमचं नाव बाहेर येणार नाही, म्हणाल्या. मी म्हटलं नव्हतं तसं. पण हो म्हणाले.

परतीच्या बसमध्ये खिडकीपाशी जागा मिळाली. सगळा वेळ दाताला जीभ लावून बघत होते. खरंच दुखायला लागला होता!

७ एप्रिल, मंगळवार

"काय म्हणाले डॉक्टर?" धाकटीनं विचारलं. म्हटलं, कीड होती, काढली.

११ एप्रिल, शनिवार

तो आला नाही. धाकटीनं तीन कप मांडले होते. तिसरा तसाच उचलून फडताळात ठेवला, न वापरता धुऊन.

फोन लागत नाही म्हणाली. मी म्हटलं, "कामात असेल." तिनं माझ्याकडे बघितलं आणि, "हो, कामात असतील," म्हणाली. माझं वाक्य दुरुस्त करून.

१३ एप्रिल, सोमवार

केंद्राची दोन माणसं टेम्पो घेऊन आली. पेटी काढली, पिंपं उचलली, गाईंच्या कानांतले बिल्ले कापून डब्यात टाकले. काकांनी विचारलं, "साहेब कुठायत?" एकजण म्हणाला, "कसले साहेब! घरी बसवलंय. आकडे घरी बसून लिहीत होता म्हणे, आता घरीच बस म्हणावं." आणि दुसरा हसला.

धाकटी मदरला धरून उभी होती. बिल्ला कापताना मदरनं मान झटकली, तिचा हात कडीत अडकून सोलला. मी हळद आणायला धावले, तर म्हणाली, "राहू दे, ताई."

संध्याकाळी गाई सुटल्या तशा पेटीच्या जागेपाशी गेल्या. तिथे आता नुसती चौकोनी कोरडी जमीन आहे. मदर त्या चौकोनासमोर डोकं खाली घालून उभी राहिली. बराच वेळ.

काका म्हणाले, "मला नाही पटत, मोठ्या बाई. खोटारडा माणूस एवढा चहा पितो का? खोटारड्याच्या घशाखाली काही उतरत नाही." मी म्हटलं, "काका, बादली भरली, बघा." माझ्या घशाखाली दोन दिवस काही उतरलेलं नाही. ते मी त्यांना सांगितलं नाही.

१६ एप्रिल, गुरुवार

धाकटी केंद्रात जाऊन आली. मला न सांगता गेली, आल्यावर सांगितलं. मी तरी कुठे सांगून गेले होते.

संचालक बाई भेटल्या नाहीत. कारकुनानं सांगितलं, आकड्यांत लबाडी सापडली, चौकशी चालू आहे, कशावरून ते सांगता येणार नाही. तो कुठे आहे विचारलं तर, भावाकडे गेला. पत्ता? माहीत नाही.

जेवताना ताटात बघत म्हणाली, "ते खोटं लिहिणारे नाहीत, ताई. एकदा भोपळीनं पेटीत नुसतं तोंड घातलं आणि बाहेर काढलं. मी म्हटलं, कालचाच आकडा टाका की, कोण बघतंय. तर दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत." मग जरा हसली. "दिवसभर! शेवटी मीच चहा घेऊन गेले."

मी म्हटलं, "माणूस ओळखणं सोपं नसतं, अगं."

"हो ना," म्हणाली.

१९ एप्रिल, रविवार

ती जेवत नाही. म्हणजे जेवते, पण मी बघते म्हणून. धारेला बसते तेव्हा कपाळ गाईच्या कुशीला टेकवते आणि बादली भरली तरी उठत नाही. नवे कापलेले केस मागे ओढून पिन लावते, वाढायची वाट बघत असल्यासारखी.

असंच चाललं तर ती त्याला जन्मभर सत्यवान समजत राहील. आणि जग अन्यायी. आणि त्या अन्यायाच्या नावानं झुरत राहील. त्यापेक्षा खरं कळलेलं बरं. तो लबाड होता, आपण वाचलो, एवढं तिला कळलं की चार दिवस रडेल आणि उठेल. काटा आत ठेवून जखम भरत नाही.

मी चोरून केलं ते कळेल तिला. रागावेल. रागावू दे. तिच्यासाठीच केलं.

उद्या सांगते.

२० एप्रिल, सोमवार

सांगितलं. झाकणांचं, केंद्रात गेल्याचं, सगळं. रडेल म्हणून पाण्याचा पेला जवळ ठेवला होता.

रडली नाही. पेला बाजूला सरकवून म्हणाली, "ताई, ती झाकणं मी त्याच संध्याकाळी पुन्हा होती तशी लावली. खुराक घालायच्या आधीच. पोचा आलेलं पिंप लालचं, मला पाठ होतं. म्हटलं, पुसताना तुझ्या हातून अदलाबदल झाली असेल. हल्ली होतं तुझं तसं. मी मागून नीट करत असते. तुला लागेल म्हणून बोलत नाही."

त्यांचा एकही आकडा खोटा नव्हता.

मग तिनं माझा हात हातात घेतला. "चुकलं माझं, ताई. तेव्हाच बोलायला हवं होतं."

माफी ती मागत होती.